रांगेतला जावई

मी चिडकी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या खानावळीत जेवणाऱ्या कोणालाही विचारा. अर्धी भाकरी ताटात टाकून उठलेल्या माणसाला मी दंडाला धरून परत बसवलेलं आहे, आणि तो माझ्याहून चांगला हातभर उंच होता. पण ज्या प्रकरणाने माझं डोकं आजही पीठ मळता मळता फिरतं, ते एका जावयाचं आहे. माझा जावई नव्हे, मला मुलगीच नाही. त्याला सगळे जावई म्हणत, म्हणून मीही म्हणते.

खानावळ नाशकात, पेठ रोडला. सकाळी जवळच्या नाक्यावर मजूर उभे राहतात. पेठ, सुरगाण्याकडची डोंगरातली माणसं. कोणी दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीला जातं, कोणी सेंट्रिंगला, कोणी खड्डे खणायला. माझ्याकडे पोटाला आधार करून जातात, संध्याकाळी पुन्हा येतात, मला मावशी म्हणतात. खानावळीपलीकडच्या, माणसं सोडवायच्या कामात मी पडले ती यांच्यामुळेच. एकदा एका बाईने आपल्या बहिणीला आणून माझ्या कांद्याच्या गोण्यांमागे बसवलं आणि म्हणाली, मावशी, कोणी विचारलं तर नाय म्हणा. मी नाही म्हटलं. विचारायला आलेला माणूस इतका मग्रूर होता की नुसतं नाही म्हणून माझं भागलं नाही, त्याच्या अंगावर भांड्यांचं खरकटं पाणी गेलं. मुद्दाम नाही टाकलं. तसं म्हणायला काही पुरावा नाही.

तर काम असं. मुकादम डोंगरातल्या पाड्यावर जातो, नवरा-बायकोच्या जोडीला उचल देतो आणि वीटभट्टीवर नेतो. उचल म्हणजे कामाआधी हातावर ठेवलेले पैसे. ते फिटेपर्यंत राबायचं. ते फिटत नाहीत. हंगाम संपतो, पाऊस लागतो, भट्टी बंद होते, तरी जोडीला घरी सोडत नाहीत, मालकाच्या शेतावर जुंपतात. बाजाराला जायचं तर एकाने जायचं, दुसऱ्याने मागे राहायचं. कायद्याने हे केव्हाच बंद झालंय. गुरुजी मला तो कायदा तोंडपाठ म्हणून दाखवतात आणि मी म्हणते, गुरुजी, मला नका सांगू, भट्टीवर जाऊन सांगा.

गुरुजी म्हणजे आश्रमशाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्या बाजूच्या प्रत्येक पाड्यावर त्यांचा एखादा विद्यार्थी सापडतो. दुसरा आमचा टेम्पोवाला, पहाटे भाजी घेऊन मार्केटला येतो आणि येताना कधी कधी भाजीबरोबर माणसंही आणतो. आणि तिसरी मी, आलेल्यांना खाऊ घालणारी आणि लपवणारी. एवढीच आमची फौज. फोनवर माणसाचं नाव घ्यायचं नाही हा गुरुजींचा नियम. मेथीच्या जुड्या म्हणायचं. तीन जुड्या म्हणजे तीन माणसं, कोथिंबीर म्हणजे सोबत मूल आहे. एकदा मला खरोखरच मेथी हवी होती तर या टेम्पोवाल्याने घाबरून दोन तास फोनच उचलला नाही. अशा शहाण्यांबरोबर मला काम करायचं असतं.

सरकारी मार्गाने का जात नाही, असं मला एका शिकलेल्या बाईने विचारलं होतं. गेलो होतो ना. एकदा रीतसर अर्ज केला, साहेबांची गाडी भट्टीवर गेली, आणि तिथं सगळे मजूर धुतलेले कपडे घालून ओळीने बसलेले. आम्ही लय खुशीत हाय म्हणाले. गाडी निघायच्या आधी कचेरीतूनच फोन गेला होता. तेव्हापासून आमचं ठरलं, आधी माणूस बाहेर काढायचा, मग साहेबापुढे उभा करायचा. भीती गेल्यावरच माणूस बोलतो.

आता जावयाचं ऐका.

त्याची बायको बाळंतपणासाठी मामाकडे आली होती. आई-बाप नव्हते तिला, मामानेच वाढवलेलं. डोंगरातलं गाव, तिथून ती भट्टी अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मुकादमाने तिला सोडलं, कारण नववा लागलेली बाई विटा काय थापणार. पण नवऱ्याला ठेवून घेतलं. बायको पोर घेऊन परत आली की तू मोकळा फिर, असं सांगितलं. तीन वर्षं झाली होती त्यांना तिथे. मुलगी झाली, ओली बाळंतीण असतानाच मुकादमाचे फोन सुरू झाले, कधी पाठवतो, कधी पाठवतो. मामाने एक दिवस फोन बंद केला, भाचीला आणि बाळाला घेऊन बसमध्ये बसला आणि थेट गुरुजींच्या दारात. गुरुजींनी दोघींना माझ्याकडे आणलं.

पोरगी कमी बोलायची. मी विचारलेल्या दहातल्या एखाद्याला उत्तर. पण प्रांतसाहेबांपुढे जे बोलली! गुरुजी सांगत होते, एकदाही डोळे खाली घातले नाहीत. कुठे झोपायचो, कोण मारायचं, तापात कसं कामावर ओढलं, सगळं. ते साहेब भला माणूस. तिचा सुटकेचा दाखला त्यांनी सही करून हातात दिला. तिच्यावरचं देणं कायद्याने पुसलं गेलं, तिला कोणी हात लावू शकत नाही, असं तिला समजावून सांगितलं. मग गुरुजींना म्हणाले, नवऱ्याला आणा, त्याच्या तोंडून ऐकतो आणि त्याचाही देतो. पण घाई करा, माझी बदली झालीय, या आठवड्यानंतर मी या खुर्चीत नाही.

म्हणजे आठवड्याभरात जावयाला भट्टीवरून काढून साहेबापुढे उभं करायचं. तिथे फाटकावर माणूस, झोपडीला बाहेरून कडी. आम्ही तिघं माझ्या ओट्यावर डोकं धरून बसलो. तेव्हा मामा म्हणाला, डोंगऱ्यादेव चालूय.

मार्गशीर्षात डोंगरातली माणसं डोंगऱ्यादेव मांडतात हे मला माहीत होतं. या दिवसांत नाक्यावरची गर्दी कमी होते, माझी गिऱ्हाइकं कमी होतात, मी चिडते, एवढंच माझं ज्ञान. मामाने बाकीचं सांगितलं. देवाला बसलेली माणसं म्हणजे माऊल्या. घर सोडून राहतात, अनवाणी फिरतात, एकवेळ जेवतात, उघड्यावर झोपतात. पुढे पावरी, म्हणजे तोंडाने फुंकायचं लांब वाद्य, वाजते, मागे रांग नाचत गावोगाव जाते, दारोदार धान्य मागते. पुनवेला सगळे डोंगरावर देवाच्या जागी जातात आणि मग सुटतात. मामा त्यांच्या रांगेपुढे पावरी वाजवणारा. म्हणाला, माऊल्यांना कोणी अडवत नाय. मोजतही नाय. भट्टीवर भिक्षेला जाऊ, तिथले गडी नाचायला उतरतीलच, सगळीकडे उतरतात. निघताना रांगेत एक माणूस जास्त असंल. मुकादमही डोंगरातलाच हाय. तो देवाच्या रांगेत हात घालणार नाय.

मला इतका आनंद झाला की मी त्याला जास्तीचं तूप वाढलं. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, वाजत-गाजत माणूस पळवायचा. अशी अक्कल आम्हा तिघांना सात जन्मांत सुचली नसती.

ठरल्या दिवशी मी टेम्पोतून गेले. पोरगी बाळाला घेऊन सोबत आली. येऊ नको म्हटलं होतं, पण ती आधीच पुढे जाऊन बसलेली. भट्टीपासून लांब, जिथून कच्ची वाट डांबरी रस्त्याला मिळते तिथे आम्ही थांबलो. जावई रांगेतून बाजूला होणार, टेम्पोत बसणार, रिकाम्या क्रेटच्या मागे झोपणार, आम्ही सटाण्यावरून वळसा घालून संध्याकाळच्या आत कचेरी गाठणार, तिथे गुरुजी साहेबांना धरून बसलेले. इतकं चोख सगळं.

पावरीचा आवाज आला. लांब, घुमणारा. मग रांग दिसली, एकमेकांना धरून पावलं टाकत येणारी. पोरगी ताठ झाली आणि म्हणाली, तो बघा, शेवटून दुसरा. वाळलेला उंच गडी, डोक्याला फडकं, पाय धुळीने पांढरे. चेहऱ्यावर हसू होतं. मी टेम्पोचं मागचं फळकं पाडून ठेवलं.

आणि रांग आमच्यासमोरून पुढे गेली.

मला वाटलं, लोक बघतायत म्हणून थोडं पुढे जाऊन थांबतील. थांबले, पण कोणी बाहेर येईना. मी तरातरा गेले. मामा पावरी खाली करून दोन्ही हात आडवे धरत म्हणाला, मावशी, लांबूनच बोला, माऊल्यांजवळ बाईमाणूस येत नाय. मी म्हटलं, बरं बाबा, लांबून बोलते, त्याला म्हणावं बस गाडीत. मामा जमिनीकडे बघू लागला.

झालं होतं असं. रांगेचा म्होरक्या भगत म्हणाला होता, देवाच्या रांगेत सोंग चालायचं नाय, जावई यायचा तर खरा माऊली होऊन येईल. म्हणून भट्टीच्या अंगणात, विटांच्या थप्पीशेजारी, जावयाच्या हातात दाणे देऊन त्याच्याकडून नेम घेतला. पुनवेपर्यंत घर नाही, चप्पल नाही, गाडी नाही, बाईचा स्पर्श नाही. जावयाने घेतला. आता तो मोडायचा कसा?

“तुला हे आधी सांगता आलं नाही?” मी मामाला म्हटलं.

“त्यात काय सांगायचं? सगळ्यांना ठाऊक हाय.”

सगळ्यांना. म्हणजे त्याच्या चार डोंगरांतल्या सगळ्यांना. मी, टेम्पोवाला, गुरुजी, प्रांतसाहेब, आम्ही कोणीच सगळ्यांत नाही. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी रस्त्याच्या या कडेला, माऊल्या त्या कडेला, आणि मी तिथून ओरडतेय. अरे, साहेब निघून जाईल. अरे, तुझ्यासाठी तो थांबलाय. देवाला कळत नाही का, तू संकटात आहेस, देव काय मुकादम आहे का? जावई हात जोडून ऐकून घेत होता. मग म्हणाला, “मावशी, पुनवेपर्यंत नाय येता येणार. शब्द दिलाय.”

पोरगी माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. बाळ त्याने अजून पाहिलंही नव्हतं. तिने अंगावरचं फडकं बाजूला करून बाळाचा चेहरा त्याच्याकडे केला. तो एक पाऊल पुढे आला आणि थांबला. तिने फडकं परत नीट केलं आणि टेम्पोत जाऊन बसली. त्या वेळी तिने त्याला चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

परतीच्या वाटेवर टेम्पोवाला म्हणाला, देवाचं आहे, जाऊ द्या मावशी. मी म्हटलं, तोंड उघडलंस तर उतरवीन. टेम्पो त्याचा होता, तरी गप्प बसला.

साहेब गेले. जाताना गुरुजींना फोन करून वाईट वाटतं म्हणाले. मला त्या वाईट वाटण्याचं काय लोणचं घालायचंय? इकडे मुकादमाला दोन दिवसांत पत्ता लागला. जावई कुठे आहे हे शोधायलाही नको होतं, तो पंचक्रोशीत नाचत फिरत होता. रांग तेव्हा मामाच्या गावात होती, मुकादम तिथेच गेला. मामा फोनवर सांगत होता आणि मी कपाळ बडवून घेत होते. मुकादमाने रांग पाहिली, जावई पाहिला, चप्पल काढली, लांबून नमस्कार केला, टोपलीत धान्य टाकलं आणि गावातच एकाच्या ओट्यावर मुक्काम ठोकला. पुनव झाल्यावर नेतो म्हणाला. म्हणजे पळून गेलेला माणूस आणि त्याला पकडायला आलेला माणूस, दोघंही शांतपणे एकाच पुनवेची वाट बघत होते, आणि जीव कोणाचा टांगणीला? माझा. नाशकात बसून. मी त्या दिवसांत दोनदा भाजी खारट केली आणि गिऱ्हाइकांवरच ओरडले.

पुनव झाली. माऊल्या डोंगरावर जाऊन आल्या, गावाने जेवण घातलं. गुरुजींनी मामाला बजावून ठेवलं होतं की नेम सुटला की जेवायलाही थांबवू नका, टेम्पो गावाबाहेर उभा आहे. मुकादमाचं काय, तर तो पंगतीला बसला होता. देवाचं जेवण अर्धवट टाकून उठता येत नाही म्हणे. तो रस्सा ओरपत असताना जावई वेशीबाहेर पोचला. इथे मात्र त्या देवाला मी मनातल्या मनात हात जोडले, खोटं कशाला बोलू.

आता नवीन प्रांतसाहेब. तरुण, चकचकीत बूट, समोर मोबाइल. गुरुजी, जावई आणि मी, तिघं गेलो. जावई सगळं खरं सांगत गेला, हीच तर अडचण. भट्टीचं सांगितलं, कडीचं सांगितलं, मग साहेबांनी विचारलं बाहेर कसा आलास, तर तेही सांगितलं. नाचत आलो. मग कुठे होतास? देवाला. म्हणजे गावोगाव फिरत होतास? व्हय. मुकादम तिथे होता? व्हय साहेब, होता. त्याने अडवलं? नाय.

साहेब खुर्चीत मागे टेकले. “इतके दिवस मोकळा फिरतोय. मुकादम समोर असताना नाचतोय. हा वेठबिगार कसा?”

गुरुजींनी कायदा म्हणायला सुरुवात केली. साहेब म्हणाले, कायदा मला माहीत आहे. मी म्हटलं, मग रीतभात माहीत नाही. माऊलीला अडवत नाहीत, त्याच्या बायकोलाही अडवलं नव्हतं बाळंतपणात, म्हणून ती काय मालकीण होती का तिथली? तिला तुमच्याच खुर्चीतून दाखला मिळालाय. एकाच उचलीवर दोघं, एकाच झोपडीत, बाहेरून एकच कडी. बायको आत कोंडलेली आणि नवरा त्याच कडीच्या आत हवा खायला बसलेला? साहेब म्हणाले, आधीच्यांनी काय केलं ते मी बघितलेलं नाही, चौकशी करू, बाईंना बाहेर बसवा.

बाईंना बाहेर बसवा. मी बाहेर बसले नाही, उभी राहिले आणि शिपायाला सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्याने निमूट ऐकून घेतलं. त्याचं काही चालत नव्हतं हे मलाही कळत होतं, पण कोणाला तरी सांगायला हवंच होतं ना.

ती चौकशी कधी झालीच नाही. तर सरकारदरबारी असं झालं, बायको सुटली, नवरा बांधलेलाच नव्हता, म्हणून त्याला सोडायचा प्रश्नच नाही. त्याच्या नावावरची उचल जिथल्या तिथे.

त्यानंतर तिघंही माझ्याकडेच राहिले, खानावळीमागच्या खोलीत. जावई पहाटे उठून पाणी भरायचा, भांडी घासायचा, बाळाला मांडीवर घेऊन तासन्‌तास बसायचा. पण जेवायला बसला की मान खाली. एकदा म्हणाला, “मावशी, त्याचं घेतलंय आपण. फेडून आलो असतो तर तोंड दाखवायला बरं.” मी लाटणं आपटलं. म्हटलं, तीन वर्षं राबलास ते काय धर्मादाय होतं? विटा कोणी थापल्या, मुकादमाच्या बापाने? तो म्हणाला, तसं नाय, पण शब्द दिला होता उचल घेताना.

शब्द. या माणसाच्या शब्दापायी मला वेड लागायची पाळी आली होती. देवाला दिला तो पाळला, साहेब हातचा गेला. आता मुकादमाला दिलेला पाळायचाय. मी गुरुजींना म्हटलं, हा आपण होऊन भट्टीवर परत जाणार, लिहून ठेवा, आणि आपली सगळी मेहनत पाण्यात. गुरुजी म्हणाले, असे जातात पुष्कळ. शांतपणे म्हणाले. मला गुरुजींच्या त्या शांतपणाचाही राग आला.

आणि मुकादम आला. पत्ता काढायला त्याला असं काय कठीण, नाक्यावर शंभर तोंडं. सकाळी, जेवणं चालू असताना, दारात उभा राहिला. धिप्पाड वगैरे काही नाही, साधा माणूस, गळ्यात गमछा, पायात धुळीची चप्पल. आरडाओरडा नाही केला. म्हणाला, “चल जावई. भट्टी पेटायचीय. मालक मला खातोय. तुझं देव झालं, सरकार झालं, आता चल.”

मी हातातली पळी घेऊन पुढे झाले. जेवणारे चार-पाच गडीही उठून उभे राहिले. पण जावई माझ्याआधी बाहेर आला. हातात कपड्यांचं गाठोडं. ते तयारच होतं. म्हणजे रात्रीच बांधून ठेवलं होतं या शहाण्याने. मला म्हणाला, मावशी, भांडू नका, मी जातो, एक हंगाम करतो, मिटवून टाकतो. मग बायकोला हाक मारली. म्हणाला, “चल, पोरीला घे.”

ती ओट्यावर डाळ निवडत बसली होती. उठली नाही.

“मी नाय येत,” म्हणाली.

“एकच हंगाम.”

“तू जा. मला सोडवलंय. माझा दाखला हाय. मी अन्‌ पोरगी इथंच राहणार, मावशीकडं भाकऱ्या करणार.”

इतकं सलग बोललेली मी तिला पहिल्यांदाच ऐकत होते. जावई तिच्याकडे बघत राहिला, हिच्याशिवाय आपण कुठे जाऊ शकतो हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं असा. आणि मुकादमाचा चेहरा पडला. तो तिला समजावू लागला. अगं, असं काय करते, तुला वेगळी झोपडी देतो, पोरीला पाळणा बांधून देतो. ती डाळीतले खडे काढत होती. मग तो तिच्या जवळ सरकू लागला तसा मी पळी वर केली. म्हटलं, हिला हात लाव, साहेबाची सही आहे, जन्माचा आत जाशील. सहीचं नाव काढल्यावर मागे सरला. सहीला भितात हे लोक, फक्त ती मिळत नाही.

गाठोडं घेऊन जावई म्हणाला, “मी येतो ना. मला घ्या.”

मुकादम चिडला त्याच्यावर. “एकट्याला नेऊन काय करू? चिखल तू करणार, विटा कोण थापणार? मालक जोडी मागतो. एकटा माणूस दिवसाला किती पाडणार, त्याला खायला घालायचं ते वेगळंच.” आणि मग पुष्कळ बोलला. उचल बुडवली, बायकोच्या जिवावर बसला, कोर्टात खेचीन. जेवणाऱ्यांपैकी एकाने त्याला रिक्षापर्यंत सोडलं, जरा घट्ट धरून. तो गेला. अजून तरी परत आलेला नाही, आणि कोर्टाचंही काही आलेलं नाही. पण तेवढ्यावर निश्चिंत राहण्याइतकी मी भोळी नाही.

मी घाम पुसला. पोळी तव्यावर करपली होती, ती फेकली. इतकी धावपळ, भाजीचा टेम्पो, पावरी, दोन दोन साहेब, गुरुजींचा कायदा, आणि शेवटी काम झालं कशाने, तर ही बाई जागची उठली नाही म्हणून. हे तिने आधी सांगितलं असतं तर माझं निम्मं रक्त वाचलं असतं. पण तिला तरी कोणी विचारलं होतं? आम्ही सगळे जावयाच्या मागे.

जावई अजून रस्त्यावरच उभा होता, गाठोडं काखेत. येणारे-जाणारे त्याला वळसा घालून जात होते. बऱ्याच वेळाने आत आला आणि मला विचारलं, “मावशी, म्हणजे सुटलो का मी?”

काय सांगणार? साहेब म्हणतात तू बांधलेलाच नव्हतास. मुकादम म्हणतो तुझा उपयोग नाही. मी कोण सांगणारी. मी म्हटलं, मला नको विचारू, तिला विचार.

तो तिच्यासमोर जाऊन बसला. तिने डाळीचं ताट बाजूला सरकवलं आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

“तुला जायचं नसंल,” ती म्हणाली, “तर सुटलास.”